गिरणी जपायची तर चालती जपा

बंद पडलेल्या गिरणीचं संग्रहालय करावं की करू नये, हा वाद मुंबईत होतो आणि इंग्लंडातल्या लँकेशायरमध्येही होतो. दोन्हीकडे तो जवळजवळ सारखाच होतो आणि सारखाच भरकटतो. एक बाजू म्हणते, हा आमचा वारसा आहे, आमच्या आजोबांचा घाम इथे सांडलाय, इमारतीला हात लावाल तर खबरदार. दुसरी बाजू म्हणते, जुन्या भिंतींवर जनतेचा पैसा का उधळायचा, तेवढ्यात म्हाताऱ्यांची शुश्रूषा होईल, बेघरांना घरं मिळतील. दोघंही बोलतात ते भिंतींबद्दल. आतली यंत्रं चालणार आहेत का, ती चालवणारा माणूस कुठून येणार, त्याला पगार कोण देणार आणि त्याच्यानंतर कोण, हे प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा वाद तिथेच आहे. गिरणी जपायची असेल तर ती चालती जपली पाहिजे, पाण्यासकट, चाकासकट आणि चालवणाऱ्या हातासकट. तेवढी तयारी नसेल तर नुसती चिमणी आणि दर्शनी भिंत राखून ‘वारसा जपला’ असं म्हणण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही.

हे मत पक्कं झालं ते लँकेशायरच्या रॉसेन्डेल खोऱ्यातल्या हेल्मशोरची लोकरीची गिरणी पाहिल्यावर. ऑग्डन नावाच्या छोट्याशा नदीकाठी १७८९ साली टर्नर घराण्याने ही दगडी गिरणी बांधली. तिला ‘हायर मिल’ म्हणतात. इथे सूत कातत नसत आणि कापडही विणत नसत. आसपासच्या खेड्यांतल्या घराघरांत विणलेलं लोकरी कापड इथे कुटायला येई. नदीचं पाणी पाटाने वळवून तळ्यात साठवायचं, झडप उघडून ते मोठ्या चाकावर सोडायचं आणि त्या चाकाच्या जोरावर लाकडी हातोडे उचलायचे, एवढीच इथली यंत्रविद्या. हे काम १९६७ सालापर्यंत चालू होतं. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत या इमारतीत लोकरी कापडावर काम होत होतं. ते थांबलं तेव्हा स्थानिक लोकांनी न्यास करून गिरणी वाचवली. शेजारीच व्हिटेकर मिल आहे. ती आधी लोकरीची होती, पुढे इतर गिरण्यांतल्या टाकाऊ कापसापासून जाड मऊ सूत काढू लागली आणि १९७८ साली बंद पडली. आज दोन्ही मिळून एक संग्रहालय आहे.

कुटाई म्हणजे काय, हे मी त्याआधी वाचलं होतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ असतं, हातात धरलं तर पलीकडचं दिसावं असं. त्यात लोकरीचं नैसर्गिक तेल आणि विणाईच्या वेळी लावलेली चिकट द्रव्यंही असतात. ते ओलं करून कुटलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं, वारापाण्याला दाद देत नाही. तेल काढायला मुलतानी माती आणि शिळं मूत्र वापरत. गावातल्या घरांतून मूत्र गोळा करून आणणं हा त्या काळी एक रीतसर उद्योग होता. हे सगळं पुस्तकात असतं. पण ओंडक्याएवढा लाकडी हातोडा वर उचलला जातो, क्षणभर थबकतो आणि कापडाच्या ओल्या गठ्ठ्यावर आदळतो, तेव्हा पायाखालची फरशी हादरते. हातोड्याखालची लाकडी कोटंबी, म्हणजे कापड ठेवायचं पात्र, मुद्दाम वाकडी कोरलेली असते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी गठ्ठा थोडा फिरतो आणि पुढच्या ठोक्याला कापडाची नवी बाजू समोर येते. तो फिरला नाही, तर एकाच जागी मार बसून कापडाला भोक पडेल. कोटंबीचा बाक किती ठेवायचा, गठ्ठा बाहेर काढून कधी पुन्हा घडी घालायची, कापड पुरेसं आटलं हे बोटांना कसं कळायचं, हे कुठल्याही फलकावर लिहिता येत नाही. त्यापुढचं काम तर आणखी नाजूक. आटलेलं कापड उघड्यावर लांबच लांब चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवायचं, मग काटेरी वाळक्या बोंडांनी विंचरून त्याची लव वर काढायची. या कामाला लोखंडी तारांपेक्षा वनस्पतीचं बोंडच बरं पडतं, कारण तंतू फार ताणला गेला तर बोंडाचा काटा मोडतो, कापड फाटत नाही. बोंडं हातात घेतली, काटा बोटाला टोचला, की ही निवड किती शहाणपणाची होती ते कळतं.

हे शहाणपण आपल्याकडेही आहे. आपल्या सनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं विणलं की त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे घोंगडं ताठ होतं आणि पावसात धनगराच्या डोक्यावर टिकतं. एकाच गरजेवर दोन मुलखांनी आपापल्या मातीतून काढलेली ही उत्तरं आहेत. खळ किती शिजवायची, किती दाट ठेवायची, हेही असंच हातात राहणारं ज्ञान आहे. त्याची काळजी आपण कितपत घेतो, हा प्रश्न इथे नोंदवून पुढे जातो.

‘पण हे सगळं इंग्रजांचं. त्यांनी जपावं, नाही तर सोडून द्यावं. आपल्याला काय?’ असं कुणी विचारेल. हेल्मशोरच्या आवारात उभं राहून हा प्रश्न विचारणं अवघड जातं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेहून, मसुलीपट्टणहून जाणारं हिंदी सुती कापड आणि छिटं इंग्लंडात इतकी लोकप्रिय झाली की लोकरवाले धास्तावले. प्रेतसुद्धा इंग्रजी लोकरीतच गुंडाळून पुरलं पाहिजे, असा कायदा १६६६ साली झाला होता, आणि पुढे तो पाळला म्हणून शपथपत्रही द्यावं लागे. मेलेल्या माणसालाही लोकरीचं गिऱ्हाईक करणारा हा धंदा मग जिवंतांच्या कपड्यांकडे वळला. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी हिंदी छिटांवर बंदी आणली. तेव्हा इंग्रज कारखानदार मुक्त व्यापाराची भाषा बोलत नव्हते. आमचा विणकर उपाशी मरेल, परदेशी माल अडवा, अशी त्यांची आर्जवं होती. त्याच वेळी ईस्ट इंडिया कंपनी हीच कुटलेली जाड लोकर आपल्याकडे आणत होती. इथल्या उन्हात ती कोण नेसणार? ती दरबारी पोशाखांत, तंबूंत, हत्तीघोड्यांच्या झुलींत खपे. आपल्या जुन्या कागदपत्रांतली बनात ती हीच. जी कुटाई हेल्मशोरच्या हातोड्यांखाली डोळ्यांनी बघता येते, तशाच कुटाईतून तयार झालेलं कापड पेशवाईतल्या सरदारांच्या अंगावर होतं.

मग पाऊणशे वर्षांत पारडं फिरलं. याच लँकेशायरच्या हारग्रीव्ह्जने एकदम अनेक धागे कातणारी जेनी काढली. आर्कराइटने १७६९ मध्ये वॉटर फ्रेम या कताईयंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये डर्बीशायरच्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. तोवर विलायतेत ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांना, पुरेसा मजबूत सुती धागा निघत नव्हता, ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा असे. वॉटर फ्रेमने ती अडचण दूर केली. १७७४ मध्ये कायदा बदलून इंग्लंडात तयार झालेल्या निव्वळ सुती कापडाला मोकळीक मिळाली. हिंदी कापड मात्र बाहेरच. पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलो. हेल्मशोरच्या संग्रहालयात वॉटर फ्रेम आहे, जेनी आहे आणि ज्या लोकरीच्या रक्षणासाठी आपलं कापड अडवलं गेलं तिचे हातोडेही आहेत. एका आवारात, काही पावलांच्या अंतरावर. आपल्या विणकरांच्या देशोधडीचा पहिला आणि दुसरा अंक इतक्या जवळ मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेला नाही. या यंत्रांपैकी बरीचशी ज्या संग्रहातून आली, तो ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीचा. या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हापासून गिरणगावाची नाळ या खोऱ्यांशी जोडलेली आहे. वॉटर फ्रेमचीच पुढची पिढी आपल्याकडे गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे कताईच्या विभागात, फिरत होती. ही गोष्ट परकी म्हणून कशी सोडायची?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातला पैशाचा मुद्दा मी हलका मानत नाही. २०१६ मध्ये लँकेशायर काउंटी कौन्सिलने आपली पाच संग्रहालयं बंद करायचा निर्णय घेतला, त्यांत हेल्मशोर होतं आणि बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिलही. केंद्राकडून येणारा निधी वर्षागणिक आटत होता, वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीचा खर्च कायद्याने टाळता येत नव्हता. ज्या सभागृहाला अपंग म्हाताऱ्याची शुश्रूषा आणि पाण्याचं चाक यांतलं एक निवडायचंय, त्याने चाक निवडावं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला ते वारशाचे शत्रू होते, असंही मी म्हणत नाही. पण निवड खरंच या दोनांतली होती का? संग्रहालय बंद केलं तरी इमारत संरक्षित असते. तिचं छप्पर गळू द्यायची मुभा नसते, पहारा ठेवावा लागतो, विमा भरावा लागतो. खर्च उरतोच. जातात ती माणसं. यंत्राच्या आवाजावरून कुठे बिघाड आहे हे ओळखणारा तंत्रज्ञ घरी बसतो किंवा दुसरीकडे नोकरी धरतो. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, हेल्मशोरचे दरवाजे पुन्हा उघडले, तेही आठवड्यातले मोजके दिवस आणि ठरावीक हंगामापुरते. दरवाजा बंद ठेवून पुन्हा उघडता येतो. एका माणसाच्या हातातलं कसब दोन वर्षं फडताळात ठेवून पुन्हा काढता येतं का? हिशेब मांडायचा तर तो पूर्ण मांडा. चालती गिरणी ठेवायचा खर्च, मेलेली गिरणी सांभाळायचा खर्च आणि एकदा मेलेली पुन्हा जिवंत करायचा खर्च, हे तीन आकडे शेजारी ठेवून सभागृहात चर्चा व्हायला हवी. ती सहसा पहिल्याच आकड्यावर थांबते.

क्वीन स्ट्रीट मिलचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ती पाण्यावरची नाही, वाफेवरची. १८९४ मध्ये बांधलेली ही सुती विणाईची गिरणी १९८२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. तिच्या वाफेच्या इंजिनाचं नाव ‘पीस’, म्हणजे शांती, ताकद पाचशे अश्वशक्ती. एकाच इंजिनावर पट्ट्यांनी शेकडो माग एकदम सुरू होतात, तेव्हा कानठळ्या बसतात. अशा आवाजात आयुष्य काढलेल्या लँकेशायरच्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत. आपल्याकडच्या साचेवाल्यांच्या, म्हणजे माग चालवणाऱ्यांच्या, घरातली माणसं सांगतात, बाबा घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. हा बहिरेपणा फलकावर दोन ओळींत लिहिलेला असला, तर वाचणारा ‘अरेरे’ म्हणून पुढे सरकतो. पाच मिनिटं त्या आवाजात उभा राहिला, तर दहा तासांच्या पाळीचा हिशेब तो मनात स्वतःच करतो.

दुसरा आक्षेप संग्रहालयशास्त्राच्या जाणकारांचा, आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. यंत्र चालवलं की झिजतं. आज दात झिजला, उद्या पट्टा तुटला, परवा आस बदलला. शंभर वर्षांनी मूळ यंत्रातलं काय उरेल? तुम्ही ज्याला जपणं म्हणता ते हळूहळू नष्ट करणं आहे, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. अठराव्या शतकातल्या आर्कराइटच्या फ्रेमसारखी वस्तू जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलेली आहे. ती कुणी रोज चालवू लागला, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. अशी वस्तू स्तब्धच असावी आणि तिची नवी प्रतिकृती चालवून दाखवावी. पण हा नियम सरसकट सगळ्या गिरणीला लावणं चूक. कुटाईचा हातोडा त्याच्या कामाच्या दिवसांतही झिजतच होता, आणि गिरणीतला सुतार तो बदलतच होता. दुरुस्ती हा त्या यंत्राच्या आयुष्याचा भाग होता. शिवाय थांबलेलं यंत्र सुरक्षित असतं, ही समजूतही खरी नाही. पाण्यातल्या चाकाच्या लाकडी भागांचं उदाहरण घ्या. चाक थांबलं की खालच्या फळ्या भिजत राहतात, वरच्या तडकतात, एक बाजू जड होते आणि मग ते फिरवायला गेलं की आसावर ताण येतो. ओल्या कामासाठी केलेली लाकडी कोटंबी कोरडी राहिली तर फुटते.

शिवाय मूळ लाकूड टिकवायचं की मूळ कृती टिकवायची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, घराण्यांच्या कडीकुलपांतून शेकडो बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत छापून ठेवल्या. केवढं मोठं काम. त्या पोथ्या नसत्या तर किती तरी चिजा गेल्या असत्या. तरी नुसती पोथी पुढ्यात ठेवून आजवर कुणी गवई झालेला नाही. मींड किती खेचायची, सम कशी गाठायची, हे गुरूसमोर बसूनच येतं. गिरणीचे आराखडे, छायाचित्रं, चित्रफिती या पोथ्या आहेत. त्या हव्यातच. पण शिकवणारा आणि शिकणारा एका खोलीत नसले तर त्या वाचायच्या कशा, हेही पुढच्या पिढीला कळणार नाही.

ही साखळी टिकू शकते, याचे दाखले आहेत. स्कॉटलंडमधली नॉकँडोची लोकरगिरणी अठराव्या शतकापासून चालत आलेली. १९७० च्या दशकात तिथे जुन्या घराण्यातला अखेरचा विणकर उरला होता. बाहेरून आलेल्या एका तरुणाने त्याच्याकडून काम शिकून घेतलं आणि गिरणी आपल्या हातात घेतली. पुढे न्यास झाला, चाक दुरुस्त झालं, इमारत सावरली आणि आजही तिथे कापड विणून विकलं जातं. पैसा आणि न्यास नंतर आले. आधी शिकायला तयार असलेला एक माणूस आला. तो आला नसता, तर न्यासाच्या हाती मोडकी यंत्रं आणि रिकामी झोपडी पडली असती. डेव्हनमधल्या अफकुल्मची कोल्डहार्बर मिल फॉक्स कुटुंबाने १७९७ मध्ये सुरू केली, १९८१ मध्ये तिचा धंदा बंद पडला आणि पुढच्याच वर्षी ती चालतं संग्रहालय म्हणून उघडली. मधे एकच वर्ष गेल्यामुळे काम येणारी माणसं अजून पंचक्रोशीत होती. मधे तीस वर्षं गेली असती तर?

तिसरा आक्षेप नैतिक आहे. या गिरण्यांचं कौतुक कशाला? इथे नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला १८३३ च्या कायद्याने बंदी आणावी लागली, म्हणजे त्याआधी ती राबत होती. वेल्सच्या डोंगराळ भागात विणलेली जाडीभरडी लोकर अटलांटिकपलीकडच्या मळ्यांतल्या गुलामांच्या अंगावर घालायला जात होती. १८२६ च्या एप्रिलमध्ये याच भागातल्या उपाशी हातमागवाल्यांनी तीनचार दिवसांत हजाराच्या आसपास यंत्रमाग फोडले, तेव्हा हेल्मशोरपासून जवळच असलेल्या चॅटर्टनला सैन्याने गोळीबार केला आणि सहा माणसं मेली. आणि आमच्या विणकरांचं काय झालं ते वर आलंच. हा आक्षेप घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते जे सांगतात ते संग्रहालयाच्या पहिल्या दालनात मोठ्या अक्षरांत असायला हवं. पण म्हणून गिरणी मोडली तर पुरावा कुणाचा जाईल? मालकांची चरित्रं, त्यांचे पुतळे, त्यांची घरं टिकतातच. राबणाऱ्याने मागे काय ठेवलेलं असतं? हातोड्याशेजारी पाय ठेवून झिजलेली फरशी, मूल सहज शिरेल अशी दोन साच्यांमधली जागा. ज्यांना या इतिहासाबद्दल चीड आहे त्यांनी गिरणी टिकावी म्हणून सगळ्यांत जास्त भांडलं पाहिजे.

या बाबतीत गांधीजींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या काळात, ते मुद्दाम लँकेशायरला गेले. त्यांच्या विलायती मालाच्या बहिष्काराचा फटका तिथल्या गिरण्यांना बसला होता आणि माणसं बेकार होती. ते त्या कामगारांना भेटले, गिरणीतल्या बायकांमध्ये उभे राहिले, त्यांचं ऐकून घेतलं. आणि तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, माझ्याकडे वर्षातला अर्धा काळ रिकामे बसणारे तीस कोटी, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही. गिरणीशी भांडण असूनही गिरणीत जायचं, कामगाराच्या नजरेला नजर द्यायची आणि आपलं म्हणणं तसूभर कमी न करता मांडायचं, हे त्यांनी करून दाखवलं. संग्रहालयाकडूनही मी हेच मागतो.

आता माझ्याच बाजूच्या काही युक्तिवादांबद्दल, कारण त्यांनीही हा वाद बिघडवलाय. पर्यटनातून पैसा येईल, असं सांगून अशा संग्रहालयांची भलामण केली जाते. दोन-चार ठिकाणी येतोही. बहुतेक ठिकाणी येत नाही, आणि मग ‘तुम्हीच तर म्हणाला होता’ म्हणून पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. ग्रंथालय नफ्यात चालावं असं आपण म्हणत नाही, मग याच्याच बाबतीत का कबूल व्हायचं? दुसरा युक्तिवाद हल्ली नव्याने ऐकू येतो की पाण्यावरच्या गिरण्या म्हणजे प्रदूषणमुक्त ऊर्जेचा धडा. धडा आहे, पण तो इतका गोंडस नाही. उन्हाळ्यात ओढा आटला की चाक थांबे आणि कामगाराची मजुरी बुडे. वरच्या गिरणीने पाणी अडवलं की खालची कोर्टात जाई. वाफ आली तेव्हा गिरण्यांनी नदीचा काठ सोडला आणि जिथे कामगार स्वस्त मिळतील तिथे बिऱ्हाड हलवलं. आपल्याकडे गोकाकच्या धबधब्यावर १८८० च्या दशकात पाण्याच्या ताकदीवर सूतगिरणी उभी राहिली, कारण तिथे घटप्रभेची उडी होती. मुंबईला ती सोय नव्हती, म्हणून मुंबईने कोळसा जाळला. ऊर्जेच्या निवडीमागे असे व्यवहार असतात. ते सांगा, पाण्याच्या चाकाला देव्हाऱ्यात बसवू नका.

मुंबईकडे यायलाच हवं. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय. त्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तळ्याचं सुशोभीकरण, कारंजी, प्रकाशाचे खेळ, भित्तिशिल्पं हे सगळं ऐकू येतं. माग कोण चालवणार, याबद्दल काही ऐकू येत नाही. आणि इथला विरोध लँकेशायरपेक्षा जास्त धारदार आहे, कारण तो न्याय्य आहे. लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि त्यांचे वारस अजून घराच्या प्रतीक्षेत आहेत. ज्याची नोकरी गेली, देणी अडकली, पोरं देशोधडीला लागली, त्याला आधी घर द्यायचं सोडून त्याच्या दुःखाचं प्रदर्शन मांडायचं, हे त्याला जखमेवर मीठ वाटलं तर दोष त्याचा नाही. पण घरं कशाने गेली, हे नीट पाहिलं पाहिजे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक सार्वजनिक वापराला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. बांधकामाखालची सगळी जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. घरं गेली ती तिथे. टॉवर आणि मॉल यांनी घेतलेल्या शेकडो एकरांचा जाब विचारायचं सोडून संग्रहालयाच्या तुकड्याला घरांचा शत्रू ठरवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

त्या संग्रहालयाला कामगाराच्या बाजूने उभं राहायचं असेल तर कामगार तिथे पुतळ्याच्या रूपात नको, पगारावर हवा. संप सुरू झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा असलेला साचेवाला आज सत्तरीला टेकलाय. तुटलेला धागा जोडायला किती वेळ लागतो, धोटा अडकला की कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, खाड्याची हजेरी कशी लावली, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल म्हणून बदलीवाला पहाटे फाटकाशी कसा उभा राहायचा, हे सांगणारा आणि करून दाखवणारा माणूस आणखी किती वर्षं मिळेल? कारंजं दहा वर्षांनीही बसवता येईल. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रं भंगारात गेली, आता माग आणायचे कुठून, असं विचारलं जातं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत जुने साधे यंत्रमाग अजून आहेत, ते चालवणारे आणि दुरुस्त करणारे मिस्त्रीही आहेत, आणि धंदा मोडला की हे माग किलोच्या भावाने जातायत. महापालिकेने भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचावं, वीसपंचवीस माग घ्यावेत, दोन मिस्त्री आणि गिरणगावातले चार जुने कामगार नेमावेत, त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुलं द्यावीत. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही पगाराची ओळ आधी लिहिली जावी आणि कारंज्याची नंतर.